एलिकट घराण्याची पिठाची गिरणी व तिनें राखलेली एक वही

राजघराण्यांच्या वंशावळी आणि लढायांचे वृत्तांत चाळणाऱ्या वाचकांस पिठाच्या गिरणीची हकीकत क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि उत्तर अमेरिकेंतील मेरिलंड प्रांतीं एलिकट नांवाच्या घराण्यानें जी गिरणी चालविली, तिच्या इतिहासांत हस्तलिखितांच्या रक्षणाविषयीं मोठा बोध आहे. म्हणून ती हकीकत येथें थोडक्यांत देतों.

जॉन, अँड्र्यू व जोसेफ हे तिघे एलिकट बंधु मूळचे पेन्सिल्व्हेनियांतील बक्स परगण्याचे, क्वेकर पंथाचे. इ. स. १७७२ मध्यें त्यांनीं बॉल्टिमोर शहराच्या पश्चिमेस पटॅप्स्को नदीच्या खोऱ्यांत गिरणी स्थापिली. नदीस ओढ चांगली असल्यामुळें पाण्याच्या जोरावर जातीं फिरविणें सुलभ होतें. अडचण निराळीच होती. त्या भागांतील शेतकरी मुख्यतः तंबाखू लावीत. दळावयास गहूं पुरेसा नव्हता. तंबाखूनें जमिनीचा कस उतरत चालला आहे हें ओळखून या बंधूंनीं शेतकऱ्यांस गव्हाकडे वळविलें, जमिनीस चुना व जिप्सम घालण्याचा प्रघात पाडला आणि पीठ बंदरावर नेण्यासाठीं बॉल्टिमोरच्या दिशेनें रस्ता तयार केला. चार्ल्स कॅरोल या मोठ्या जमीनदारानें गव्हाची लागवड पत्करली, तेव्हां इतरांसही धीर आला.

त्या काळीं गिरणींत पोतीं पाठीवर घेऊन माळ्यावर चढवावीं लागत आणि जात्यांतून निघालेलें उष्ण पीठ माणसें दांताळ्यानें पसरून निववीत. ऑलिव्हर एव्हन्स या कल्पक कारागिरानें रहाटगाडग्यासारखा डब्यांचा पट्टा व आपोआप फिरणारें दांताळें योजून हे कष्ट पाण्याच्या शक्तीवर सोपविले. १७९० मध्यें त्यास या शोधाचें पेटंट मिळालें. एलिकटांनीं ही युक्ति लौकर उचलली. एव्हन्सच्या १७९५ च्या ग्रंथांतील एक भाग तर थॉमस एलिकट याचाच आहे.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. गिरणीपासून जवळच बेंजामिन बॅनेकर (१७३१–१८०६) हा स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी राहत असे. त्याचा पिता एके काळीं गुलाम होता. शालेय शिक्षण बेताचें, परंतु गणितबुद्धि असामान्य. अँड्र्यूचा पुत्र जॉर्ज एलिकट यानें १७८८ च्या सुमारास त्यास ज्योतिषाचे ग्रंथ, कांहीं उपकरणें व एक मेज उसनें दिलें. तेवढ्या सामग्रीवर बॅनेकरानें ग्रहणांचें गणित स्वतः साधलें, आणि १७९२ ते १७९७ या वर्षांचीं त्याचीं पंचांगें छापून निघालीं. १७९१ मध्यें जोसेफचा पुत्र अँड्र्यू यानें त्यास अमेरिकेच्या नव्या राजधानीच्या सीमांच्या मोजणीस साहाय्यक म्हणून नेलें. त्याच वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं बॅनेकरानें थॉमस जेफर्सन यास पत्र लिहून, सर्व मनुष्यें समान म्हणणाऱ्यांनीं गुलाम कसे बाळगावे, असा जाब विचारला. सोबत पंचांगाची स्वहस्तलिखित प्रत धाडली.

१८०६ मध्यें बॅनेकर वारला. त्याच्या इच्छेस अनुसरून त्याच्या भाच्यानें उसने ग्रंथ, मेज आणि बॅनेकरची ज्योतिषगणिताची वही जॉर्ज एलिकटच्या घरीं पोंचविली. अंत्यविधीच्याच दिवशीं बॅनेकरच्या लांकडी घरास आग लागली व मागें राहिलेले बहुतेक कागद भस्मसात झाले. गिरणीवाल्याच्या घरीं गेलेली वही मात्र वांचली. पुढें जॉर्जची कन्या मार्था टायसन हिनें जुन्या माणसांकडून माहिती मिळवून टिपणें केलीं. त्यांवर आधारलेलें चरित्र १८५४ मध्यें मेरिलंडच्या इतिहाससंस्थेपुढें वाचण्यांत आलें.

हें चरित्र उपकारकर्त्या घराण्यांतील स्त्रीचें असल्यामुळें तें पारखूनच घ्यावें लागतें. तथापि जेथें कागद मुळींच नाहीं तेथें काय होतें, हेंही पाहण्याजोगें आहे. राजधानीचा आराखडा करणारा लांफां नकाशे घेऊन निघून गेल्यावर बॅनेकरानें ते स्मरणानें पुनः काढले, अशी आख्यायिका रूढ आहे. परंतु बॅनेकर एप्रिल १७९१ च्या अखेरीस मोजणी सोडून घरीं परतला होता आणि लांफां फेब्रुवारी १७९२ मध्यें दूर झाला. या कालानुक्रमापुढें आख्यायिका टिकत नाहीं. बॅनेकरच्या खऱ्या योग्यतेस तिची गरजही नाहीं. वहींतील गणित तेवढ्यास पुरेसें आहे.

एकोणिसाव्या शतकाचा मध्य येईपर्यंत गिरणी एलिकटांच्या हातून गेली. २४ जुलै १८६८ च्या महापुरानें त्या खोऱ्यांत मोठा विध्वंस केला व अनेक माणसें बुडालीं. गांवास मात्र आजही एलिकट सिटी हेंच नांव आहे.

ज्या घराण्यानें लक्षावधि पोतीं दळलीं, त्याचें पीठ खाऊन संपलें. सांभाळलेली वही अभ्यासकांस आजही उपयोगी पडते. आपल्याकडेही सरदारांचीं दप्तरें शोधतांना वाणी, तेली, सावकार यांच्या माळ्यांवरील वह्या बहुधा आपण ओलांडून जातों. त्यांत जमाखर्चच असेल असें समजून त्या रद्दींत घालूं देऊं नयेत. शेजाऱ्याची एखादी वही त्यांत बांधलेली नसेलच, हें उघडून पाहिल्यावांचून कोणी सांगावें?