जड पाणी आणि सोलापूरकडचा संसार

सोलापूर जिल्हा हा पर्जन्यछायेतील प्रदेश. येथील पावसाचे वार्षिक सरासरी प्रमाण साधारण ५५० मिलिमीटर, आणि तेही बेभरवशाचे. त्यामुळे या भागाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने पाण्याचाच इतिहास होय. तथापि तो सांगताना पाणी किती मिळाले एवढेच पाहिले जाते. जे मिळाले ते कसे होते, याचा विचार सहसा होत नाही. वास्तविक घरातील स्त्रीला या दोन्ही गोष्टींशी रोज सामना करावा लागतो.

जुन्या काळी भिस्त होती ती मुख्यतः साठविलेल्या पावसावर आणि उथळ झऱ्यांवर. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून सोलापुरात तलाव निर्माण केला, असे परंपरा सांगते. त्या तलावातच आज ग्रामदैवताचे मंदिर उभे आहे. इंग्रजी अमदानीत आदिला नदीवर एकरूखचा म्हणजेच हिप्परग्याचा तलाव १८७१ साली पूर्ण झाला व पुढे त्याचे पाणी शहराला मिळू लागले. खेड्यापाड्यांतून बारव, आड आणि ओढ्याच्या वाळूत खणलेले झिरे असत. बायका या पाण्याची पारख अचूक करीत. गोडे पाणी पिण्यास व स्वयंपाकास, सवळ पाणी भांड्यांस व जनावरांस, अशी वाटणीच ठरलेली असे. गोड्या पाण्याचा आड दूर असला तरी डाळ शिजविण्यापुरती एक घागर तेथूनच आणली जाई.

ही पारख शास्त्रालाही धरून होती. पावसाचे पाणी मूळचे मृदू. ते जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात मिसळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडी व काळ्या पाषाणातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवीत खाली जाते. भरपूर पावसाच्या मुलखात हे क्षार वाहून जातात. कमी पावसाच्या व कडक उन्हाच्या मुलखात ते साचत राहतात. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. लोक त्याला जड पाणी म्हणतात. काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडे भट्टीत भाजून, घाणीत मळून जो चुना होई, त्यानेच जुन्या देवळांचे चिरे सांधले गेले. तोच चुना विरघळून आडाच्या पाण्यात उतरतो आणि अभिषेकपात्रावर पांढऱ्या पुटाच्या रूपाने पुन्हा दिसतो.

या पाण्याचा पहिला त्रास चुलीपाशी. पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या सालीतील व पेशींतील पेक्टिनला घट्ट करतो. त्यामुळे तूर, मटकी, हुलगे कितीही वेळ ठेवले तरी डाळ वेगळी आणि पाणी वेगळे. जळण मात्र दुप्पट जाते. त्यावर चिमूटभर सोडा टाकण्याची युक्ती घरोघरी आहे. परंतु सोड्याने ब जीवनसत्त्वाचा काही भाग नष्ट होतो, हेही ध्यानात ठेवावे. दुसरा त्रास न्हाणीघरात. साबणाचा फेस होण्याऐवजी चिकट साका होतो. तो कपड्यांत बसून पांढरी धोतरे मळकट दिसतात आणि केस राठ होतात. आपल्या आजी-पणजी शिकेकाई व रिठा वापरीत. त्यांच्या फेसाला जड पाण्याची बाधा साबणासारखी होत नाही. १९५९ साली सर्फ व १९६९ साली निरमा ही धुण्याची पावडर निघाली. अशा पावडरींचा खेड्यापर्यंत प्रसार झाला, यामागे स्वस्ताईबरोबर हेही एक कारण आहे. तिसरा त्रास बंबाचा. पाणी तापले की विरघळलेला चुना खाली बसतो. त्याचा थर उष्णता अडवितो व लाकूड अधिक लागते. चिंच किंवा लिंबू लावून घासल्यास आम्लामुळे हा थर सुटतो.

पाण्याच्या या व्यवस्थेत मोठा पालट घडविला तो १९७२ च्या दुष्काळाने. आड-बारवा आटल्या आणि कठीण पाषाणात खोल विंधन विहिरी घेण्याचे काम जोराने सुरू झाले. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा याच सुमारास उभी राहिली. सततच्या वापराने हातपंप मोडत. त्यावर जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांनी मजबूत पंप तयार केले. सोलापूर पंपाच्या धर्तीवरच पुढे १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ हातपंप निघाला आणि तो देशभर व परदेशांतही पोहोचला. या जिल्ह्यास अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. हापशाने माणसे व जनावरे जगविली, हे कोणीही विसरू नये. परंतु खोल खडकात दीर्घकाळ राहिलेले पाणी बहुधा अधिक क्षार घेऊन वर येते. खेप वाचली, पण डाळ शिजेना, असा अनुभव अनेक गावांस आला.

१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी अडले. तरीही सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो आणि मधली तूट बोअरच्या पाण्यावर भागवावी लागते. तुरटीने पाणी निवळते, म्हणून जडपणाही जातो असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. उकळल्याने जडपणाचा एक भाग जातो, सर्व नाही. हल्ली घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रे आली. त्यांपैकी आरओ यंत्रात बरेचसे पाणी वाया जाते. आपल्या भागास हे परवडणारे नाही.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. भारतीय मानकाप्रमाणे जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून जडपणास मर्यादा घातलेली नाही. फ्लोराइड व नायट्रेट यांची गोष्ट निराळी. ते चवीवरून कळत नाहीत, म्हणून प्रत्येक नव्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

खरा उपाय जुनाच आहे. शंभर चौरस मीटर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर पन्नास हजार लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी चाळीस हजार लिटर उरते. एका कुटुंबास पिण्यास व स्वयंपाकास रोज वीस लिटर लागले, तर वर्षाची गरज ७,३०० लिटरची. म्हणजे एवढ्या एका छपरावर पाच कुटुंबांची डाळ शिजू शकते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून झाकलेल्या टाकीत घ्यावे आणि पिण्यापूर्वी उकळावे.

ज्या ज्या देवळापाशी जुनी बारव आहे, तेथे जीर्णोद्धाराबरोबर तिचा गाळ निघावा व मंडपाच्या छपराचे पाणी तिकडे वळवावे. पूर्वजांनी देवाशेजारी पाणी ठेवले ते विचारपूर्वकच. कळसाबरोबर बारवेकडेही गावाचे लक्ष गेले, तर माउल्यांच्या डोक्यावरची एक खेप आणि चुलीतील एक मोळी वाचेल. त्याहून मोठे पुण्य ते कोणते?