कादंबरीच्या शेजारी बखर

ऐतिहासिक कादंबरी मुलांना भाषेच्या तासाला शिकवावी की इतिहासाच्या, असे आम्हांस पुष्कळदा विचारले जाते. आमच्या मते दोन्ही तास मोडून. शेजारच्या वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम पुढे आली; तिने हस्तोद्योग मध्यभागी ठेवून बाकीचे विषय त्याच्याशी जोडले. यवतमाळच्या जिनिंगमधील मजुरांच्या मुलांसाठी आम्ही संध्याकाळचा वर्ग चालवतो. तेथे चरख्याच्या जागी हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ठेवली. ती मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हे, पण मुले तिच्यावर तुटून पडतात.

तीतून हिशेब निघाला : १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, १२ राहिले. पंचांग निघाले : माघ वद्य नवमी, ४ फेब्रुवारी १६७०. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. मग अंधार किती वेळ मिळाला? सह्याद्रीचा कडा आमच्या मुलांनी पाहिलेला नाही, अंबाडीचा दोर मात्र ओळखीचा. त्याला गाठी किती अंतरावर माराव्यात, यावर एक संध्याकाळ गेली. ती वाया गेली असे आम्ही मानीत नाही.

अडचण पुढेच आली. कादंबरीच्या शेजारी आम्ही सभासदाची बखर ठेवली. १६९७ च्या सुमाराची, आपट्यांहून दोनशे वर्षांनी जुनी. तीत कमलकुमारी नाही. पोवाड्यातली घोरपडही नाही. आधी कड्यावर चढविलेले दोन निवडक मावळे आहेत. महाराजांच्या तोंडी सिंह नाही, गडाच्या बदल्यात गडच गमावल्याचा शोक आहे. शिवाय १६६३ च्या महाराजांच्या एका पत्रात सिंहगड हे नाव आधीच आलेले!

एक पालक चिडले. “भाऊ, पोरांच्या मनातला तानाजी कायले पुसता?” त्यांचा राग आम्हांस समजतो, गरिबाच्या घरी अभिमानाच्या गोष्टी मोजक्याच असतात. आम्ही त्यांना बखरीतले तेच पान वाचून दाखविले. ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तानाजी डाव्या हाताचीच ढाल करतो. गृहस्थ गप्प बसून ऐकत राहिले. मग त्यांच्याच मुलीने विचारले, त्या दोन मावळ्यांची नावे काय? बखरीत ती नाहीत, हे सांगणे भाग पडले.

या उन्हाळ्यात ‘उषःकाल’ घ्यावयाची आहे. पुस्तक जाड आहे. बखरीही आणखी लागतील.