साखर, सिमेंट आणि ड्रममध्ये उतरणारा माणूस

भंगारात जुन्या मिक्सर ट्रकचा ड्रम मिळाला तर त्यात शेणखत, कंपोस्ट कालवता येईल का, असं आमच्या भागातले काही जण विचारतात. येईल की. अडचण एकच, आतल्या पात्यांच्या मागे काँक्रीट बसून दगड झालेलं असतं. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "ते विरघळवायचं औषध कोणतं?" याचं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज थोडा इतिहास.

काँक्रीट 'वाळलं' असं आपण म्हणतो, पण ते वाळत नसतं. 1824 साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने 'पोर्टलँड सिमेंट' या नावाने पेटंट घेतलं. या जातीचं सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं, अगदी पाण्याखालीसुद्धा. वाळलेला चिखल भिजवला की पुन्हा मऊ होतो. भाजलेल्या भाकरीचं मात्र परत पीठ होत नाही. काँक्रीटचं तसंच आहे.

म्हणूनच तयार काँक्रीट गाडीतून न्यायचा सगळा इतिहास म्हणजे घड्याळाशी लावलेली शर्यत आहे. 1903 साली जर्मनीत हॅम्बर्गच्या युर्गन मागेन्स यांनी तयार काँक्रीट वाहून नेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. 1913 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला साध्या गाडीतून तयार काँक्रीट पोचवलं गेलं. पण उघड्या गाडीत हादऱ्यांनी खडी खाली बसते आणि पाणी वर येतं. 1916 मध्ये ओहायोतल्या स्टीफन स्टेपानियन यांनी चालता चालता काँक्रीट फिरवत ठेवणाऱ्या ट्रकच्या पेटंटसाठी अर्ज केला. एवढं वजन ट्रकला पेलणार नाही म्हणून तो नाकारला गेला. पुढे तीच कल्पना जगभर चालली.

ड्रम फिरत राहिला की खडी खाली बसत नाही, पण सिमेंटची क्रिया काही थांबत नाही. म्हणून अमेरिकेच्या मानकात 90 मिनिटं आणि ड्रमचे 300 फेरे अशी मर्यादा आली. आपल्याकडच्या आय.एस. 4926 या मानकाच्या 2003 च्या आवृत्तीत साधारण दोन तास धरलेत. ट्रॅफिकमध्ये अडकलं, इंजिन बंद पडलं, की 6 घनमीटर माल म्हणजे 14 टनांच्या वर वजन आत गोठायला लागतं.

इथे आपली साखर येते. सिमेंटच्या वजनाच्या 0.05 टक्के साखर घातली तर ते घट्ट व्हायला सुमारे चार तास उशीर होतो. म्हणजे 50 किलोच्या गोणीला फक्त 25 ग्रॅम. 0.2 ते 1 टक्का पडली तर घट्ट होणं जवळजवळ थांबतंच. सहा घनमीटरच्या गाडीत 2100 किलो सिमेंट धरा, तर हा हिशोब 4 ते 21 किलो साखरेचा होतो. म्हणून बंद पडलेल्या गाडीत साखर ओतायचा उपाय त्या धंद्यात जुना आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यातही गूळ घालायचे, पण तो चुना चांगला व्हावा म्हणून. सिमेंटमध्ये गोड पदार्थ काम अडवतो.

आता मुद्द्याचं. साखर चालते ती काँक्रीट ओलं असेपर्यंतच. एकदा दगड झाला की पोतंभर साखर ओता, फरक पडत नाही. ॲसिड सिमेंट खातं हे खरं, पण ते ड्रमचं लोखंडही खातं. त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो आणि बंद ड्रममध्ये ॲसिडची वाफ कोंडते. शंभर वर्षांत सगळी हुशारी काँक्रीट घट्ट होऊ नये यासाठीच वापरली गेली. झालेलं काढायला अजूनही मुख्यतः दोनच मार्ग आहेत: प्रचंड दाबाचं पाणी, नाहीतर ब्रेकर घेऊन आत उतरलेला माणूस.

माझी काळजी त्या माणसाची आहे. विहीर फोडायला जो ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर येतो तोच इथेही लावतात. फरक एवढाच की धूळ उडून जायला वर आकाश नसतं. काँक्रीटच्या धुळीत बारीक सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. आपल्याकडे कायद्याने हा रोग कळवणं सक्तीचं आहे. 1997 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशी सिलिका कर्करोगकारक ठरवली. 2016 साली अमेरिकेने कामाच्या जागी घनमीटर हवेत 50 मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. तोंडाला उपरणं बांधून एवढी बारीक धूळ अडत नाही. शिवाय एका बाजूला काँक्रीट चिकटलेला ड्रम त्या वजनाने आपोआप फिरू शकतो, आणि आतला माणूस पात्यांत सापडतो.

म्हणून काम करायचंच असेल तर ड्रम साखळीने जाम करा आणि गाडीची चावी आत जाणाऱ्याच्या खिशात ठेवा. झाकण उघडून पंखा लावा, पाणी मारत राहा, चांगला धूळरोधक मास्क द्या. बाहेर एक माणूस सतत उभा हवा. तुकडे बांधावर किंवा रस्त्याच्या भरावात जातील. पण धुण्याचं पाणी विहिरीत किंवा पिकात सोडू नका. सिमेंटचं पाणी कडक अल्कधर्मी असतं. आपली काळी चुनखडीची जमीन आधीच त्या बाजूला झुकलेली, लोह आणि जस्त पिकाला मिळायची तिथे मारामार. आणखी चुना तिला नको.

अख्खी गाडी घेत असाल तर आरसी बुकातलं रिकामं वजन बघा आणि वजनकाट्यावर गाडी चढवा. दोन्हींतला फरक म्हणजे बहुतेक आतलं काँक्रीट. सुटा ड्रम असेल तर बाहेरून हातोडी मारा. लोखंड खणखणलं तर आत मोकळं आहे, बद्द आवाज आला तर दगड आहे. त्या दगडाचे पैसे भंगारवाल्याला लोखंडाच्या भावाने देऊ नका, आणि तो काढायची मजुरी व मास्क किमतीत धरूनच सौदा करा. एवढं धरूनही परवडत नसेल, तर तो ड्रम तिथेच राहू द्या.