दुकान बंद केलं की नशा बंद होते का? गांजा, मॉर्फिन आणि 1985 चा कायदा

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे, पण विषय आपल्या घरापर्यंत येणारा आहे.

1996 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने डॉक्टरांच्या शिफारशीवर गांजा वापरायला मुभा दिली. आपल्याकडे तशी मागणी निघाली की लगेच उत्तर येतं, "औषधाच्या नावाखाली नाक्यानाक्यावर दुकानं निघतील, पोरं बिघडतील." करंजाडे-पनवेलच्या आईबापांची ही भीती मला खोटी वाटत नाही. पण जवळ मिळालं की वापर वाढतो का, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच तपासला गेलाय.

तेव्हा सरकारी परवान्याच्या दुकानात गांजा उघड मिळायचा. अहमदनगर जिल्ह्यात त्याची शेती व्हायची. भारतातली वेड्यांची इस्पितळं गांजामुळे भरलीत, अशी ओरड इंग्लंडच्या संसदेपर्यंत गेली आणि 1893 मध्ये आयोग नेमला गेला. त्याने 1,193 साक्षी घेतल्या, इस्पितळांचे कागद उघडले. काय निघालं? वेडाचं कारण म्हणून 'गांजा' हा शेरा बऱ्याचदा पोलिसांकडून आलेल्या कागदावरून, खातरजमा न करताच लिहिलेला होता! 1894 च्या अहवालाने सांगितलं: अति सेवन घातक आहे, पण सरसकट बंदी नको. लोक दारूकडे किंवा त्याहून वाईट नशेकडे वळतील. परवाने मोजके ठेवा, कर वाढवा, लक्ष ठेवा. अर्थात सरकारला महसूलही हवा होता, हे विसरायला नको.

मग आला 1985 चा एनडीपीएस कायदा. गांजा आणि चरस बंद. भांगेची पानं त्या व्याख्येबाहेर राहिली, त्यांचं काय करायचं ते राज्यांवर सोडलं. कायद्यात औषधी आणि शास्त्रीय वापराला वाट होती, पण ती कागदावरच राहिली.

नशा थांबली का? केंद्र सरकारच्या 2019 च्या अहवालानुसार वर्षभरात गांजा किंवा चरस घेणारे सुमारे 1.3 कोटी होते. म्हणजे 34 वर्षांच्या बंदीनंतरही माल मिळतोच. चोरून विकणारा ना वय विचारतो, ना चिठ्ठी.

आता उलट बाजू बघू. औषधाचं काय झालं? गांजाच्या औषधाचा हिशोब मांडणं अवघड आहे, पण त्याच कायद्याखाली येणाऱ्या मॉर्फिनचा हिशोब आहे. कॅन्सरच्या असह्य वेदनांवरचं हे जुनं, स्वस्त औषध. 1985 च्या सुमाराला देशात वर्षाला जवळपास 600 किलो वापरलं जायचं. 1997 मध्ये उरलं 18 किलो! रोगी कमी झाले नव्हते. परवान्यांचा डोंगर आणि चुकीला किमान दहा वर्षांची शिक्षा, या धास्तीने औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. गर्दुल्ल्याला त्याचा माल मिळत राहिला, कळवळणाऱ्या म्हातारीला गोळी मिळेना.

"पण औषध घरी दिलं तर त्याचीही नशा होईल ना?" हेही तपासलंय. केरळात कोझिकोडच्या वेदनाशमन केंद्राने दोन वर्षांत 1,723 रुग्णांना मॉर्फिन दिलं, बहुतेकांना घरी नेऊन घ्यायला. गैरवापर किंवा चोरवाटेने विक्री झाल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. 2001 मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. गुपित एवढंच: नोंद चोख, डॉक्टर प्रशिक्षित, घरच्यांशी संपर्क.

2014 मध्ये संसदेने चूक दुरुस्त केली. मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिनसारखी औषधं ठेवणं सोपं झालं.

गांजा म्हणजे मॉर्फिन नव्हे, आणि तो सर्व रोगांवर उपाय तर मुळीच नाही. मिरगीच्या काही दुर्मिळ प्रकारांवर त्यातल्या एका घटकाचं औषध अमेरिकेने 2018 मध्ये मान्य केलं. बाकी बरेच दावे अजून सिद्ध व्हायचेत. पोरांच्या हाती तो पडू नये, हे तर माझंही म्हणणं आहे. पण औषधाचा नळ वेगळा आणि नशेचा वेगळा. आपण पहिला बंद केला, दुसरा वाहतोच आहे.

खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक आपल्या इतक्या जवळ आहे. तिथून उपचार घेऊन माणूस घरी येतो, तेव्हा रात्री दोन वाजता दुखलं तर काय? तुमच्या जवळच्या रुग्णालयात एवढंच विचारा: "वेदनेसाठी मॉर्फिन ठेवायची मान्यता तुम्ही घेतली आहे का?" उत्तर काय मिळालं, ते खाली लिहा.