गिरणगावची चाळ : बांधणाऱ्यांचा हेतू आणि राहणाऱ्यांचा वापर

इमारत ज्या हेतूने बांधली जाते, त्याहून वेगळे आणि मोठे कार्य समाज तिच्याकडून करून घेतो, हे मुंबईच्या चाळींच्या इतिहासातून स्पष्ट होते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केल्यानंतर हा धंदा वाढत गेला, तसा रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून कामगारांचा ओघ सुरू झाला. त्यांच्यासाठी लांब सज्जाला लागून एकेका खोलीची रांग, आणि नळ व शौचकूप सामाईक, अशा रचनेच्या बहुमजली इमारती, म्हणजेच चाळी, उभ्या राहिल्या. थोड्या जागेत जास्तीत जास्त भाडेकरू सामावणे, एवढेच मालकांचे उद्दिष्ट होते.

या दाटीचे घातक परिणाम १८९६ च्या प्लेगमध्ये उघड झाले, आणि १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. पुढे गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत सरकारच्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बी.डी.डी.) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतील प्रत्येक चाळीत चार मजल्यांवर मिळून ८० खोल्या असून एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट होते. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा सरकारने तुरुंग म्हणूनही उपयोग केला.

मात्र चाळीला सामाजिक संस्थेचे रूप दिले ते रहिवाशांनी. एका गावचे अनेक पुरुष एकाच खोलीत पाळीनुसार झोपत आणि शेजारच्या बाईच्या खानावळीत जेवत. अशा सहवासातून ग्रामस्थ मंडळे, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा उभ्या राहिल्या. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तर १९२८ च्या सार्वत्रिक संपात कामगारांच्या एकजुटीला शेजाराच्या याच नात्यांचे बळ मिळाले.

आज बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते, आणि अनेक पिढ्या अडचणीत काढलेल्या कुटुंबांचा तो न्याय्य हक्कच आहे. परंतु सामाईक जागेने घडवलेले परस्परावलंबन कोणत्याही क्षेत्रफळात मोजता येत नसल्यामुळे, नव्या इमारतींच्या आराखड्यात एकत्र येण्याच्या जागेला खोलीइतकेच महत्त्व दिले गेले पाहिजे.