नामदेव, शमुवेल आणि समाजी

कराड म्हणजे संत सखूचं गाव. इथल्या कुठल्याही आळीत ‘ओ नामदेव’ म्हणून हाक मारा, एखादं तरी डोकं खिडकीतून बाहेर येईल. पंढरीच्या वाटेवर इतकं रुळलेलं हे नाव, पण त्याचं एक भावंड हिब्रूत आहे. ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव, दोन्ही मिळून शेमुएल. मराठी बायबलातला शमुवेल तो हाच.

बायबलात मात्र ही फोड नाही. तिथली गोष्ट नवसाची आहे. हन्नाला मूल नव्हतं. शिलोच्या मंदिरात तिने नवस केला, मुलगा झाला, आणि ‘परमेश्वराकडे मागितला’ म्हणून तिने त्याला शमुवेल म्हटलं. आता ‘मागणे’ याचा हिब्रू धातू शाअल. त्यातून सरळ निघतं ते नाव शौल! पुढे याच शमुवेलाने इस्राएलच्या पहिल्या राजाला अभिषेक केला, आणि त्या राजाचं नावही शौलच. आईने सांगितलेला अर्थ पोराला सैल आणि राजाला चपखल.

शमुवेल हे नाव मराठीत आलं ते दोन वाटांनी. पहिली कोकणातली. रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ज्यू, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘शनिवार तेली’. त्यांनी आडनावं गावांवरून घेतली, दिवेकर, किहीमकर, पेणकर. आणि नावांना ‘जी’ लावला. कंपनीच्या फौजेतले सॅम्युअल इझिकिएल दिवेकर आपल्या माणसांत सामाजी हसाजी. मुंबईत 1796 साली त्यांनी सिनेगॉग बांधलं. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत; मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. तिथल्या रस्त्याला नाव मिळालं ते मात्र सॅम्युअल स्ट्रीट. सामाजी पाटीवर चढलाच नाही.

सामाजी, किंवा समाजी, नीट पाहा. शेमुएलातला ‘एल’ गळाला, म्हणजे देवच गेला, नाव तेवढं उरलं आणि देवाच्या जागी ‘जी’ येऊन बसला. एलियाहूचा एलोजी झाला तेव्हा उलटं घडलं: तिथे ‘एल’ टिकला, शेपटीतला ‘याहू’ सुटला. संभाजी, शिवाजी, येसाजी यांच्या पंगतीत बसायचं तर एवढी कापाकापी आलीच.

दुसरी वाट छापील. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या ख्रिस्ती वस्तीत शमुवेल भेटतो तो पुस्तकातून उतरलेला, म्हणून पुरा, ‘एल’सकट. त्यातला ‘श’ही मूळचा. ग्रीकांकडे ‘श’ नव्हता, त्यांनी ‘स’ केला, आणि तोच लॅटिनवाटे इंग्रजीत गेला. आपल्याकडे ‘श’ असताना दाखल्यावर ‘सॅम्युअल’ लिहिण्याची हौस मला तरी कळत नाही.