हृत्स्नायू अभिकोथ : कारणमीमांसा व उपचार यांचा इतिहास

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणारी हृद्‌रोहिणी एकाएकी बंद होऊन त्या भागातील स्नायू मृत होणे, यास हृत्स्नायू अभिकोथ किंवा व्यवहारात हृदयविकाराचा झटका म्हणतात. विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ मध्ये लंडन येथे हृत्शूलाचे नेमके वर्णन केले. परंतु त्याचा संबंध हृद्‌रोहिण्यांशी जोडला नाही. हृद्‌रोहिणी बंद पडली की मृत्यू तत्काळ व अटळ, ही समजूत पुढे दीर्घकाळ टिकली. असा रुग्ण जगू शकतो, हे १९१० मध्ये कीव्ह येथील ऑब्रास्टसोव्ह व स्ट्राझेस्को यांनी आणि १९१२ मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी दाखविले. हेरिक यांच्या निबंधाची प्रथम उपेक्षाच झाली. विद्युत् हृल्लेखनाने निदान शक्य झाल्यावर तो मान्यता पावला.

उपचार मात्र सक्त विश्रांतीपुरताच राहिला. रुग्णास सुमारे सहा आठवडे अंथरुणात निश्चल ठेवीत. त्यामुळे पायांच्या नीलांत गुठळ्या होत व त्या फुप्फुसात अडकून काही रुग्ण दगावत. म्हणजे उपचारच घातक ठरे. लेव्हाइन व लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णास खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा त्यांना विरोधच झाला.

हृद्‌रोहिणीतील गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, हा वाद अधिक महागात पडला. शवपरीक्षेत ती प्रत्येक वेळी आढळत नसे. म्हणून स्नायू मृत झाल्यावर ती मागाहून बनते, असे १९७० नंतरच्या दशकात अनेक विकृतिवैज्ञानिक मानीत. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज तेव्हा उपलब्ध होते, पण त्याचा वापर तुरळकच होई. अमेरिकेतील डीवुड व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये जिवंत रुग्णांच्या हृद्‌रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे प्रसिद्ध केली. पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांत रोहिणी पूर्ण बंद होती. उशिरा तपासलेल्यांत हे प्रमाण कमी होते. गुठळी आधी होते व काहींत पुढे आपोआप विरघळते, असा त्याचा अर्थ होता. इटलीतील ११,७१२ रुग्णांवरील चाचणीत (१९८६) स्ट्रेप्टोकायनेजामुळे मृत्यू घटले, विशेषतः ते पहिल्या तासात दिल्यास. सतरा हजारांवर रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत (१९८८) स्वस्त अशा ॲस्पिरिनाचाही जवळजवळ तितकाच लाभ दिसला.

प्रतिबंधाचा पाया फ्रेमिंगॅम येथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या पाहणीने घातला. धूम्रपान, उच्च रक्तदाब व रक्तातील अधिक कोलेस्टेरॉल यांचा धोका तिने दाखविला. आंड्रेआस ग्रुंट्सिग यांनी झुरिक येथे १९७७ मध्ये फुग्याने हृद्‌रोहिणी रुंद केली. आज झटक्यात हीच पद्धती, जाळीदार नळी बसवून, प्रथम पसंतीची आहे. ती सुमारे दोन तासांत करणे शक्य नसेल तेथे आधी गुठळी विरघळविणारे औषध देतात.